निळा शिक्का, हिरवा शिक्का आणि बाजारातली पाटी: शाश्वत मासळी ओळखून कशी घ्यायची

‘शाश्वत मासळी घ्या’ असं सगळे सांगतात, पण बाजारात गेल्यावर नेमकं बघायचं काय, ते कोणी सांगत नाही. तुम्ही मासा कुठे घेता त्यावर ते ठरतं. लंडनमध्ये सुपरमार्केटच्या फ्रीझरसमोर उभे असाल तर पाकिटावरचा शिक्का वाचता यायला हवा. दादरच्या, मालवणच्या किंवा पणजीच्या मासळी बाजारात शिक्का असा नसतोच. तिथे पट्टी, कॅलेंडर आणि दोन-तीन नेमके प्रश्न लागतात. दोन्हीकडे शोधायचं मात्र तेच: या माशाला निदान एकदा अंडी घालायची संधी मिळाली होती का, आणि तो पकडताना त्याच्यासोबत आणखी काय काय मेलं?

सोबत काय हवं

- ३० सेंटीमीटरची पट्टी किंवा शिंप्याची टेप. प्लास्टिकची घ्या, लाकडी पट्टीला वास धरतो.
- फोन. शिक्क्याखालचा नंबर तपासायला आणि पाकिटाचा फोटो काढायला.
- घरात जे आठ-दहा मासे नेहमी येतात त्यांची यादी: मराठी नाव, इंग्रजी व्यापारी नाव आणि शास्त्रीय नाव. का, ते पायरी ३ मध्ये येईल.
- मासेमारी बंदीच्या तारखा, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर खूण करून.
- पाकीटबंद मासा घेत असाल तर त्याचं बिल.

१. आधी ठरवा: मासा समुद्रातला की शेतीतला

सगळा घोळ इथून सुरू होतो, कारण दोन्हींचे शिक्के वेगळे आणि प्रश्नही वेगळे.

समुद्रातून पकडलेल्या माशाबाबत साठा किती उरलाय, जाळं कुठलं, देखरेख कोणाची, हे विचारायचं. तळ्यात किंवा पिंजऱ्यात वाढवलेल्या माशाबाबत खाद्य कशाचं, सांडपाणी कुठे जातं, तळं खोदायला खारफुटी तोडली का, औषधं कुठली वापरली, हे.

काही मासे बिनदिक्कत शेतीतले धरून चाला. हॉटेलातल्या फिश फिंगरमध्ये आणि ‘फिश फिले’ म्हणून मिळणाऱ्या पांढऱ्या, काटे नसलेल्या तुकड्यांत बहुधा बासा असतो, म्हणजे पंगॅशियस. नॉर्वेहून येणारा सामन जवळजवळ सगळा पिंजऱ्यातला. भारतात मोठ्या प्रमाणावर वाढवली जाणारी कोळंबी म्हणजे व्हॅनामेई, आणि तिचं मोठं केंद्र आंध्र प्रदेश. अमेरिकेत राहणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की कासवं जाळ्यातून सुटण्याची सोय नसल्याच्या कारणावरून भारतातली समुद्रात पकडलेली कोळंबी तिथे २०१९ पासून घेतली जात नाही. त्यामुळे तिथल्या पाकिटावर ‘भारत’ लिहिलं असेल तर ती तळ्यातली समजा.

सावध राहा: दुकानात ‘इंडियन सामन’ लिहिलेला मासा म्हणजे आपला रावस. सामनशी त्याचं काही नातं नाही. सामनबद्दल वाचलेला कुठलाही सल्ला रावसाला लावू नका.

२. शिक्का ओळखा, आणि तो काय बोलत नाही तेही ओळखा

निळा शिक्का, माशाच्या आकृतीत बरोबरची खूण: मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल, थोडक्यात एमएससी. फक्त समुद्रातून किंवा नैसर्गिक पाण्यातून पकडलेल्या मासळीसाठी. डब्ल्यूडब्ल्यूएफ ही निसर्गसंवर्धन संस्था आणि युनिलिव्हर ही कंपनी यांनी १९९७ मध्ये ती सुरू केली, नंतर ती स्वतंत्र झाली. नियम एमएससी लिहिते, पण तपासणी बाहेरची मान्यताप्राप्त संस्था करते. तीन गोष्टी पाहतात: माशांचा साठा, समुद्रावर होणारा परिणाम आणि व्यवस्थापन. त्याखाली बरेच निकष. प्रत्येक निकषावर १०० पैकी किमान ६० गुण हवेत आणि तिन्ही भागांत प्रत्येकी सरासरी ८०. प्रमाणपत्र पाच वर्षांचं, मध्ये दरवर्षी तपासणी.

हे ६० आणि ८० नीट समजून घ्या. एखाद्या निकषावर ६५ गुण असले तरी शिक्का मिळू शकतो. त्या निकषावर ठरलेल्या मुदतीत सुधारणा करायची अट घातली जाते. म्हणजे निळा शिक्का असलेली मासेमारी उत्तीर्ण आहे आणि तिचा अभ्यास चालू आहे. पहिल्या नंबरात आलीये असं नाही.

हिरवा शिक्का: ॲक्वाकल्चर स्टुअर्डशिप कौन्सिल, एएससी. फक्त मत्स्यशेतीसाठी, स्थापना २०१०. कोळंबीच्या बाबतीत यातला कामाचा निकष खारफुटीचा आहे. १९९९ नंतर खारफुटी तोडून खोदलेल्या तळ्यांना हा शिक्का मिळत नाही.

तारे असलेला शिक्का: बेस्ट ॲक्वाकल्चर प्रॅक्टिसेस, बीएपी. हाही शेतीतल्या मासळीचाच. यातले तारे गुणवत्तेचे नसतात, आणि इथे बरेच जण फसतात. हॉटेलच्या ताऱ्यांसारखे ते वाचायचे नाहीत. मासळीच्या साखळीतले किती दुवे तपासले ते तारे सांगतात: प्रक्रिया कारखाना, शेत, बीजकेंद्र, खाद्य कारखाना. चारही तपासले असतील तर चार तारे. कोळंबीला एकच तारा असेल तर बहुधा कारखाना तपासलाय. ज्या तळ्याबद्दल तुम्हाला खरी शंका आहे, ते नाही.

‘डॉल्फिन सेफ’: टूनाच्या डब्यांवर. पकडताना डॉल्फिन मारले नाहीत, एवढंच हा सांगतो. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने याला व्याख्या मिळाली, आणि या शिक्क्यामुळे डबाबंद टूनाची विक्री सावरली असं तिथल्या अभ्यासात दिसलं. गिऱ्हाईक शिक्का बघून खरेदी बदलतं, याचा हा जुना पुरावा. पण टूनाचा साठा कसा आहे, शार्क किती अडकले, यावर हा शिक्का अवाक्षर काढत नाही. टूनाच्या डब्यावर ‘पोल अँड लाइन’ शोधा, म्हणजे गळाने एकेक पकडलेला. मालदीवच्या अशा स्किपजॅक टूनाला २०१२ मध्ये एमएससी मिळालं. लक्षद्वीपमध्येही हीच जुनी पद्धत आहे.

‘सस्टेनेबली सोर्स्ड’, ‘रिस्पॉन्सिबली कॉट’, पानाचं चित्र, लाटेचं चित्र: हे शिक्के नाहीत. ही छपाई आहे.

३. शिक्क्याखालचा नंबर आणि पाकिटाची मागची बाजू

खऱ्या शिक्क्याजवळ किंवा मागे एक क्रमांक असतो. एमएससीचा ‘एमएससी-सी-’ आणि पुढे पाच आकडे, एएससीचा ‘एएससी-सी-’ असाच. हा मासेमारीचा नंबर नसतो, तो साखळीचा असतो. बोटीपासून पाकिटापर्यंत प्रमाणित मासा बिनप्रमाणित माशात मिसळला नाही, याची नोंद ठेवणाऱ्या कंपनीचा तो क्रमांक. संस्थेच्या संकेतस्थळावर टाकला की कंपनीचं नाव आणि प्रमाणपत्राची स्थिती दिसते. शिक्का आहे पण नंबर नाही, किंवा नंबर दुसऱ्याच कंपनीचा निघतो, तर पाकीट परत ठेवा.

नंतर मागची बाजू. भारतातल्या पाकिटावर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक असतोच. तो अन्नसुरक्षेचा. त्याचा समुद्राशी संबंध नाही. युरोपात कायद्यानेच चार गोष्टी छापाव्या लागतात: व्यापारी नावासोबत शास्त्रीय नाव, पकडलेला की वाढवलेला, कुठला समुद्र, आणि पकडला असेल तर जाळं कुठलं. समुद्र बरेचदा आकड्यात असतो. २७ म्हणजे ईशान्य अटलांटिक, ५१ म्हणजे पश्चिम हिंदी महासागर (आपला अरबी समुद्र यातच), ५७ म्हणजे पूर्व हिंदी महासागर.

शास्त्रीय नावाची गरज इथे पडते. इंग्लंड-जर्मनीतल्या दुकानात ‘मॅकरेल’ दिसला की मराठी माणूस बांगडा म्हणून उचलतो. आपला बांगडा म्हणजे रास्ट्रेलिगर कनागुर्टा. तिथला मॅकरेल म्हणजे स्कॉम्बर स्कॉम्ब्रस. चव जवळची, साठा संपूर्ण वेगळा. त्या ईशान्य अटलांटिक मॅकरेलची सगळी एमएससी प्रमाणपत्रं मार्च २०१९ मध्ये स्थगित झाली. मासा संपला नव्हता. पण साठा घसरत होता आणि आजूबाजूचे देश आपापला कोटा ठरवत होते. सगळ्यांची बेरीज शास्त्रज्ञांनी सांगितलेल्या मर्यादेच्या वर जात होती. म्हणून जुन्या यादीवर विसंबू नका. शिक्का या वर्षीच्या पाकिटावर आहे का, तेच बघा.

यादीसाठी चार नावं: बोंबील, हार्पाडॉन नेहेरियस. तारली, सार्डिनेला लाँगिसेप्स. रावस, एल्युथेरोनेमा टेट्राडॅक्टायलम. हलवा, पॅरास्ट्रोमॅटियस नायगर. हलव्याला इंग्रजीत ‘ब्लॅक पॉम्फ्रेट’ म्हणत असले तरी तो पापलेटाच्या कुळातला नाही.

४. शिक्का नाही म्हणजे मासा वाईट, असं नाही

भारतात एमएससी मिळवणारी पहिली मासेमारी केरळच्या अष्टमुडी खाडीतल्या शिंपल्यांची, कोल्लमजवळ, २०१४ मध्ये. आपल्या तिसऱ्यांच्या जातकुळीतलाच तो शिंपला. नव्वदच्या दशकात तिथलं उत्पादन ढासळलं तेव्हा डिसेंबर ते फेब्रुवारी काढणी बंद, जाळ्याचा आस (म्हणजे जाळ्याच्या भोकाचा आकार) किमान ३० मिलिमीटर, असे नियम तिथे लागू झाले. प्रमाणपत्र आलं ते या नियमांचं पालन बरीच वर्षं झाल्यावर.

एवढी कागदपत्रं, वर्षानुवर्षांची आकडेवारी आणि तपासणीचा खर्च अर्नाळ्याच्या किंवा देवबागच्या छोट्या होडीवाल्याला झेपणारा नाही. एकाच जाळ्यात वीस-पंचवीस जातींचे मासे येतात, त्यांच्या प्रत्येक साठ्याचा हिशोब मांडणं तर आणखी अवघड. त्यामुळे भारतातल्या मासळी बाजारात शिक्का शोधणं व्यर्थ आहे. परदेशातून हजारो किलोमीटर गोठवून आणलेलं शिक्क्याचं पाकीट समोरच्या कोळणीच्या पाटीतल्या मांदेलीपेक्षा बरं, असा निष्कर्ष तर मुळीच काढू नका.

५. बाजारात पट्टी काढा

महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी किमान कायदेशीर आकार ठरवला. त्याहून लहान मासा पकडणं आणि विकणं, दोन्हींवर कारवाईची तरतूद आहे. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. काही आकडे पाठ करण्यासारखे आहेत:

- पापलेट: १३५ मिलिमीटर
- हलवा: १७० मिलिमीटर
- बोंबील: १८० मिलिमीटर
- मांदेली: ११५ मिलिमीटर
- घोळ: ७०० मिलिमीटर

पट्टी नसेल तर हात आहेच. मोठ्या माणसाची वीत साधारण २० ते २२ सेंटीमीटर. बोंबील वितीपेक्षा एखादं बोट कमी भरला तरी नियमात बसतो, अर्ध्या वितीचा बसत नाही. पापलेटासाठी फोन काढा. आजकालचे बहुतेक फोन १५-१६ सेंटीमीटर लांब असतात. फोनपेक्षा स्पष्टपणे आखूड पापलेट दिसलं की पट्टी लावायची वेळ झाली.

मोजायचं कसं? माशाचं तोंड मिटून, तो सपाट ठेवून, तोंडाच्या टोकापासून. शेवट कुठे धरायचा यावरून वाद होतात. काही मापं शेपटीच्या टोकापर्यंत घेतात, काही शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत. सोपा उपाय: नेहमी खाचेपर्यंत मोजा. तिथपर्यंतच आकडा भरला तर टोकापर्यंत भरणारच. पापलेटाची शेपटी लांब आणि खोल कापलेली असते, त्यामुळे टोकापर्यंत मोजलं की पिल्लूही मोठं वाटतं.

कायदेशीर आकार ही तळाची रेघ आहे. मोठी सुरमई पाऊण मीटरच्या आसपास होते तेव्हा कुठे पहिल्यांदा अंडी घालते. अख्खी सुरमई पिशवीत सहज मावत असेल तर ती अजून पोर आहे. तुकडे घेताना मधल्या तुकड्याची रुंदी बघा. तळहात भरत नसेल तर मासा लहान होता.

सावध राहा: वाट्यावर विकली जाणारी मासळी नीट चाळून घ्या. वाट्यात मोठे मासे वर असतात, खाली बारीक. मांदेलीच्या वाट्यात पापलेटाची, घोळीची, ढोम्याची नखाएवढी पिल्लं निघतात. तळाचा वाटा हाताने उलटा करायला सांगा.

आणि उलट चूकही करू नका. लहान मासा म्हणजे पिल्लू, हे सगळीकडे खरं नाही. जवळा पूर्ण वाढूनही बारीकच राहतो. मांदेली, तारली यांची जातच लहान, लवकर वाढणारी आणि भरपूर अंडी घालणारी. आकार त्या त्या जातीच्या मापाने बघायचा.

पापलेटाची पिल्लं बाजारात येतात याला गिऱ्हाईकही कारण आहे. हॉटेलला एका ताटात अख्खं बसणारं पापलेट हवं असतं आणि घरीही ‘माणशी एक’ असा हिशोब असतो. दोघांत एक मोठं घेऊन त्याचे तुकडे केले तर मांस जास्त मिळतं आणि मधल्या काट्याभोवतीचं खायलाही सोपं जातं.

६. कॅलेंडर: बंदी, गटारी आणि आगोट

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद असते. पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून. बिगरयांत्रिक छोट्या होड्यांना सूट आहे.

आता गंमत बघा. मराठी घरात मासे बंद होतात श्रावणात, म्हणजे जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टमध्ये. त्याआधीची गटारी बरेचदा बंदीच्या काळात पडते, आणि नेमकी तेव्हाच मागणी आकाशाला भिडते. बोटी समुद्रात जायला लागतात तेव्हा आपला उपास सुरू. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होड्या लोटण्याची कोळ्यांची रीत समुद्राच्या तब्येतीशी जास्त जुळते. आपलं पंचांग फक्त जिभेपुरतं.

जून-जुलैत काय घ्यायचं:

- खाडीतली, छोट्या होडीची मासळी. कुठल्या खाडीतली ते विचारा.
- तिसऱ्या, शिणाणे, कालवं. पावसाच्या पाण्यात यांची स्वच्छता बिघडते, म्हणून खाडीच्या कडेला सांडपाणी येतं तिथली नको.
- गोड्या पाण्यातले रोहू, कटला.
- पूर्व किनाऱ्यावरून जूनच्या मध्यानंतर येणारा मासा.
- आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधी भरून ठेवलेली सुकी मासळी: सुके बोंबील, सुकट, सोडे. ही तर आजीच्या काळापासूनची सोय. मे महिन्यातच घ्या. दोन कडक उन्हं दाखवून हवाबंद डब्यात भरा. जूनमध्ये घेतलेल्या सुकटीत ओल असते आणि ती पंधरा दिवसांत बुरसते.

बंदीच्या मध्यावर कोणी ‘आजच्या ट्रॉलरचं ताजं’ म्हणून मोठी सुरमई दाखवली तर दोनच शक्यता: मासा बर्फातला जुना आहे किंवा बेकायदा पकडलेला. दोन्ही घ्यायच्या लायकीचे नाहीत. गोठवलेला मासा गोठवलेला म्हणून विकला तर मात्र काही वावगं नाही.

गाबोळीबद्दल: अंड्यांनी भरलेला मासा मुद्दाम मागून घेणं सोडता येईल. मिळाली तर खा, पण ‘गाबोळीवालीच द्या’ हा हट्ट नको.

‘नो युअर फिश’ आणि ‘इनसीझन फिश’ या भारतीय उपक्रमांनी कुठल्या महिन्यात कुठला मासा टाळावा याच्या याद्या केल्या आहेत. त्यातली पश्चिम किनाऱ्याची यादी बघा. चेन्नईची यादी मुंबईला चालत नाही, कारण विणीचे महिने वेगळे.

७. काय विचारायचं, कसं विचारायचं

झडतीला आल्यासारखं विचारलं तर उत्तर मिळत नाही. ‘शाश्वत आहे का?’ हा प्रश्न तर हास्यास्पदच. नेहमीच्या मावशींना दोनच विचारा: ‘मावशी, हे कुठल्या बंदराचं?’ आणि ‘जाळ्याचं, डोलीचं की ट्रॉलरचं?’ बहुतेक जणी अचूक सांगतात, कारण भाव त्यावरच ठरतो.

उत्तराचा अर्थ असा लावा. ट्रॉलरचं जाळं तळ खरवडत जातं. कोळंबी बरीचशी यातलीच, आणि सोबत येणारी बारीक मासळी खतासाठी जाते. डोल भरती-ओहोटीच्या प्रवाहात रोवलेली असते, प्रवाहाबरोबर येईल ते सगळं आत. बोंबील आणि मांदेली इथलीच, म्हणून त्यांना पट्टी लावणं आवश्यक. तरंगत्या जाळ्यात, म्हणजे सातपाटीसारख्या गावांत पापलेटासाठी वापरतात त्यात, मासा आसात अडकतो. आस मोठा असेल तर पिल्लू सुटून जातं. रापण किनाऱ्यावरून माणसं ओढतात, सिंधुदुर्गात ती अजून दिसते. पर्ससीन बांगडा-तारलीचा अख्खा थवा घेरतं. दिव्याच्या उजेडात मासे गोळा करून पकडणं केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंद केलं. तरी चालतं, आणि ते कोणी विचारल्यावर सांगत नाही.

मासाही थोडं बोलतो. जाळ्याच्या आसात अडकलेल्या माशाच्या कल्ल्यामागे बरेचदा दोऱ्याचा वळ दिसतो. गळाच्या माशाच्या ओठाला भोक असतं आणि अंगावरचा चकाकता थर शाबूत असतो. ट्रॉलरच्या ढिगात दबलेल्या माशाचे खवले घासलेले आणि पोट मऊ पडलेलं असतं. हे पुरावे म्हणून नाही, अंदाज म्हणून वापरा.

८. ताटातली यादी बदला

महाराष्ट्रातलं गिऱ्हाईक ठरलेलं आहे: पापलेट, सुरमई, हलवा, कोळंबी. पांढरं मांस, कमी काटे, कमी वास. या चौघांच्या भावातच त्यांच्यावरचा ताण दिसतो. महिन्यात आठ वेळा मासा येत असेल तर त्यातले चार वार बदलून बघा:

- सुरमईऐवजी कुपा. लालसर काळपट मांसाची पट्टी काढून टाका, तुकडे कोकमाच्या आगळात आणि मिठात अर्धा तास ठेवा, वास जातो.
- पापलेटाऐवजी बांगडा. आमटीत पाच-सहा तिरफळं बी काढून ठेचून घाला.
- कोळंबीऐवजी तिसऱ्या किंवा शिणाणे. हे पाणी गाळून खातात, त्यांना बाहेरून खाद्य द्यावं लागत नाही.

बांगडा, तारली, कुपा घेताना एक धोका: हे मासे उन्हात राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. ते शिजवून नष्ट होत नाही. अंगावर पुरळ, चेहरा लाल, डोकं जड, आणि लोक त्याला ‘मासा बाधला’ म्हणतात. बर्फात ठेवलेलाच घ्या आणि घरी नेईपर्यंत बर्फ सोडू नका.

मुशी (मालवणीत मोरी) आणि पाखट क्वचितच घ्या. शार्क आणि पाखटं उशिरा वयात येतात आणि मोजकीच पिल्लं देतात. व्हेल शार्क आणि करवतमासा तर वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. मोरीचं मटण ज्यांच्या घरची खासियत आहे त्यांनी ते सणापुरतं ठेवावं.

९. जास्त पैसे द्यायचे का?

विचारलं की सगळेच ‘हो, शाश्वत माशाला जास्त पैसे देऊ’ म्हणतात. गल्ल्यावर काय होतं ते वेगळं. लंडनच्या सुपरमार्केटांतल्या खऱ्या विक्रीवर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एमएससी शिक्क्याच्या गोठवलेल्या अलास्का पोलॉकला सुमारे १४ टक्के जास्त किंमत मिळालेली दिसली. हे पैसे दुकानात मोजले गेले. त्यातले बोटीपर्यंत किती पोचले, हे त्यातून कळत नाही.

पाकिटासाठी १०-१५ टक्के जास्त देणं ठीक. त्याहून जास्त मागत असतील तर तुम्ही ब्रँडचे पैसे देताय. बाजारात उलटं करा: घासाघीस करायचीच तर पिल्लांवर करा, मोठ्या माशावर नको. मोठ्या पापलेटाचा भाव पाडून शेवटी दोन लहान उचलणारं गिऱ्हाईक विक्रेतीला काय शिकवतं, ते उघड आहे.

१०. खोटा दावा दिसला तर

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणाच्या दिशाभूल करणाऱ्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. ‘इको-फ्रेंडली’, ‘सस्टेनेबल’ असे मोघम शब्द वापरणाऱ्याला आधार दाखवावा लागतो. पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा फोटो, बॅच क्रमांक आणि बिल घेऊन आधी कंपनीला लिहा: दावा कशाच्या आधारावर, प्रमाणपत्र क्रमांक कोणता. पंधरा दिवस वाट बघा. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. एमएससी किंवा एएससीचा शिक्काच बनावट वाटत असेल तर तोच फोटो त्या संस्थेलाही पाठवा, शिक्क्याच्या गैरवापराची दखल त्या घेतात. पाकीट फेकून दिलं असेल तर यातलं काहीच करता येत नाही, म्हणून शंका आली की आधी ते धुऊन वाळवून ठेवा.